अ‍ॅक्सोलॉटल आजारी: कल्ल्यांवर पांढरा कापूस, खाणं बंद. काय करावं?

ओंजळ

मंडळी, तातडीने मदत हवी आहे.

आमच्याकडे मोगरा नावाचा अ‍ॅक्सोलॉटल आहे. बेडकासारखा उभयचर, पण शेपटीवाला आणि कायम पाण्यात राहणारा. पांढरा, काळ्या डोळ्यांचा, गुलाबी कल्ल्यांचा, वीतभर लांब. आम्ही कोथरूडला राहतो. टाकी तीन फुटी, साधारण शंभर लिटर पाण्याची. तळाला वाळू-खडे काही नाहीत. स्पंज फिल्टर आहे, चिलर आहे, एरवी पाणी १७-१८ अंशांवर असतं. गेल्या आठवड्यात आमच्याकडची वीज बराच वेळ गेली होती. ती आल्यावर चिलर सुरूच झाला नाही. मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर गेला, पार्ट यायला वेळ लागेल. बाहेर एप्रिलचं ऊन आणि पाणी आता २६ वर.

मोगऱ्याने खाणं सोडलंय. गांडूळ समोर धरलं तरी तोंड फिरवतो. कल्ल्यांचे तुरे आखडून पुढे वळलेत, शेपटीचं टोक गळासारखं वाकलंय. आज सकाळी डाव्या बाजूच्या दोन तुऱ्यांवर पांढरा, कापसासारखा पुंजका दिसला. अंगावर लाल चट्टे नाहीत, सूज नाही.

टेस्ट किटचे आकडे: अमोनिया ०.५, नायट्राइट ०.२५, नायट्रेट ४०, पीएच ७.८.

दुकानदार बुरशीचं हिरवं औषध टाकीत घाला म्हणतोय. जवळचे डॉक्टर म्हणाले, आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो. लेक शाळेतून आल्यापासून टाकीसमोर बसून आहे. काय करू?

गच्चीतलं_तळं

ताई, घाबरू नका. माझ्याकडे गोल्डफिश आणि कोई आहेत. पांढरा कापूस म्हणजे बुरशी, आणि बुरशीला मीठ. आयोडीन नसलेलं खडेमीठ लिटरला दोन-तीन चमचे, त्यात दहा मिनिटं ठेवा, दिवसातून दोनदा. माझे मासे याने बरे झालेत.

पाणवठा

ओंजळ ताई, ते हिरवं औषध आणू नका, ही पहिली विनंती. बहुतेक वेळा त्यात मॅलाकाइट ग्रीन असतं. माशाला खवले असतात, या प्राण्याची त्वचा उघडी आणि ओली. पाण्यात जे असेल ते थेट अंगात जातं. तांबं असलेली औषधं, फॉर्मेलिन, मॅलाकाइट ग्रीन यांपासून उभयचरांना लांबच ठेवायचं. घरातलं बीटाडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड, माणसांची बुरशीची क्रीम, यातलं काही कापसाने लावायलाही जाऊ नका.

मी काही वर्षं युरोपातल्या एका प्रयोगशाळेत या प्राण्यांची देखभाल केली आहे. तुमचे आकडे वाचल्यावर मला तरी दिसतंय की कापूस हा शेवटी आलेला पाहुणा आहे. आधी काय झालं ते बघा. वीज गेली, फिल्टर थांबला, स्पंजमधल्या जिवाणूंना प्राणवायू मिळेना आणि ते मरायला लागले. हेच जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते कमी झाले म्हणून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही दिसायला लागले. या दोन्हींचा आकडा शून्यच हवा, थोडासासुद्धा चालत नाही.

त्यात उष्णता. पाण्यातला सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. पीएच आणि तापमान वाढलं की त्यातला विषारी वायुरूप भाग वाढतो. पीएच ७.८ धरला तर १८ अंशांना जेवढा असेल त्याच्या दीडपटीहून जास्त २६ अंशांना. शिवाय पाण्यात प्राणवायू कमी मावतो: समुद्रसपाटीला १८ अंशांना लिटरमध्ये साधारण साडेनऊ मिलिग्रॅम, २६ ला आठच्या आसपास. म्हणजे प्राण्याची भूक-श्वास-पचन सगळं उष्णतेने धावतंय, हवा कमी मिळतेय, आणि ज्या कल्ल्यांनी ती घ्यायची त्यांनाच अमोनियाचा चटका बसतोय. चटका बसलेल्या, मेलेल्या त्वचेवर सॅप्रोलेग्निया नावाचा बुरशीसारखा सूक्ष्मजीव रुजतो. त्याचे बीजाणू गोड्या पाण्यात जवळजवळ सगळीकडे असतात, निरोगी त्वचेवरच्या चिकट थराला ते भेदत नाहीत.

आणि तो खरा बुरशी-कुळातलाही नाही. त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असतं आणि कुळाने तो शैवालांच्या जवळचा आहे. माणसांची बरीचशी बुरशीनाशकं बुरशीच्या पेशीतल्या एर्गोस्टेरॉल नावाच्या घटकावर मारा करतात. याच्यात त्याचा पत्ताच नाही, मग औषध मारणार कशाला?

आज रात्री एवढं करा. अन्नासाठी चालणारा प्लास्टिकचा रुंद टब घ्या, मोगरा आरामात वळू शकेल एवढा. साबणाने धुतलेला नको. त्यात अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढणारं औषध) घातलेलं ताजं पाणी, पाठ बुडून वर चार बोटं राहील इतकं. पाणी आत्ता टाकीच्या तापमानाइतकंच असू द्या, मग हळूहळू उतरवायचं, तासाला एखादा अंश. त्याला जाळीने किंवा हाताने उचलू नका. एखादं भांडं पाण्यात बुडवून त्यात शिरू द्या आणि पाण्यासकट हलवा. टबवर पंचा टाका. याला पापण्या नसतात, उजेडाचा त्रास होतो. रोज सगळं पाणी बदला, तेवढ्याच तापमानाचं, अँटीक्लोरीन घातलेलं. कोरफड मिसळलेलं अँटीक्लोरीन मिळतं, ते नको.

खाण्याची काळजी आज करू नका. मोठा, अंगाने भरलेला अ‍ॅक्सोलॉटल थंड पाण्यात दोन आठवडे न खाता राहू शकतो. जबरदस्तीने भरवू तर मुळीच नका.

ओंजळ

पाणवठा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. लिहिल्याप्रमाणे टबमध्ये हलवलाय. तोंडाशी स्टीलचा डबा नेला तर स्वतःच आत आला. पण पाणी थंड कसं करू? बर्फ घालू का?

मुलुंडचा_माळी

बर्फ थेट पाण्यात नको. एक तर नळाच्या पाण्याचा बर्फ म्हणजे परत क्लोरीन, आणि तापमान दणकन उतरतं. थर्माकोलचा मोठा बॉक्स घ्या, टब त्यात ठेवा, आणि टबच्या *बाहेर*, बॉक्समध्ये, गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. झाकण अर्धवट उघडं. आत थर्मामीटर. बॉक्स नवा घ्या, मासळीबाजारातला वापरलेला आणू नका. त्यात माशांचे रोगजंतू असू शकतात.

टाकीसाठी दुसरी गोष्ट: पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका टेबलफॅन. बाष्पीभवनाने दोन-चार अंश सहज उतरतात. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये हे छान चालतं. आमच्याकडे मुंबईत मे महिन्यात हवाच इतकी दमट की पंखा फिरतो आणि पाणी तसंच. पाणी उडतं तेवढं रोज वरून भरावं लागतं, हे लक्षात ठेवा.

ओंजळ

बॉक्स आणलाय. फ्रिजमधलं सगळं सामान शेजारच्या काकूंकडे गेलंय आणि आमच्या फ्रिजमध्ये फक्त पाण्याच्या बाटल्या. काकूंनी स्वतःहून फ्रीझर रिकामा करून दिला. टब २१ वर आलाय.

गच्चीतलं_तळं

पाणवठा, मिठाबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. अ‍ॅक्सोलॉटल पाळणारे जगभर मिठाचे बाथ देतात. मी मनाने सांगितलेलं नाही.

पाणवठा

बरोबर आहे, देतात, आणि पुंजका त्याने गळूनही पडतो. प्रयोगशाळेतही आम्ही त्यांना नुसत्या नळाच्या पाण्यात ठेवत नसू, क्षारांचं मोजून केलेलं सौम्य द्रावण असायचं. मीठ वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण तुम्ही सांगितलेलं प्रमाण तीव्र आहे, आणि ज्या कल्ल्यांची त्वचा आधीच भाजली आहे त्यांना ते झोंबतं. रोज दोनदा उचल, दोनदा मीठ, परत गोडं पाणी, हा ताण आज या जिवाला झेपेल असं मला वाटत नाही. आधी थंड स्वच्छ पाण्यात स्थिरावू दे. दोन दिवसांत पुंजका वाढला तर डॉक्टरच्या देखरेखीखाली मीठ, मिथिलीन ब्लू हे निळं जंतुनाशक, काय ते ठरवता येईल. माझा आग्रह क्रमाचा आहे.

गच्चीतलं_तळं

पटलं. कोई दणकट मासा आहे, सोसतो. या प्राण्याला तोच नियम लावता येणार नाही.

मेल्बर्नची_मैना

आमच्याकडे ऑस्ट्रेलियात हे खूप जण पाळतात. माझ्या मुलाकडे दोन आहेत. इथे बरेच जण आजारी प्राणी फ्रिजमध्ये ठेवतात, ५ ते ८ अंशांवर. तसं करावं का?

रानजाई

मी पशुवैद्य आहे, पक्षी आणि सरपटणारे प्राणी जास्त बघते, उभयचर अधूनमधून येतात. फ्रिजचा उपाय मी पहिल्या दिवशी तरी सांगणार नाही. ५ अंशांना पचन जवळजवळ थांबतं, तशीच प्रतिकारशक्तीही मंदावते. सॅप्रोलेग्निया थंडीत मरत नाही, थंड पाण्यातही तो मजेत वाढतो. थंडावा हवा तो प्राण्याला दम घेता यावा म्हणून, आणि त्यासाठी १६-१७ पुरेसं आहे. २६ वरून थेट फ्रिज म्हणजे दुसरा आघात.

ओंजळ ताई, पांढरा पुंजका दिसला की सगळे बुरशी म्हणतात, पण फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर नावाचा एक जिवाणूसुद्धा असाच पांढुरका थर करतो आणि उबदार पाण्यात झपाट्याने पसरतो. डोळ्यांनी फरक कळेलच असं नाही. पुंजक्याचा छोटासा भाग स्लाइडवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितला की पाच मिनिटांत कळतं: सॅप्रोलेग्नियाचे जाड, फांद्या फुटलेले, आडपडदे नसलेले धागे दिसतात, जिवाणू असेल तर लांब बारीक काड्यांचे ढीग. दोघांची औषधं पूर्ण वेगळी. म्हणून अँटिबायोटिक अंदाजाने देऊ नका. पुण्यात एक्झॉटिक प्राणी बघणारे डॉक्टर आहेत. फोन करून 'उभयचर बघता का' एवढंच विचारा. अ‍ॅक्सोलॉटल बघितला नसला तरी बेडूक-सॅलॅमँडर माहीत असलेला डॉक्टर चालेल, हा प्राणी म्हणजे एक सॅलॅमँडरच.

आणि ही लक्षणं दिसली तर वाट बघू नका, रात्र असली तरी निघा: पोट-पायांवर लाल चट्टे, अंग फुगणं, उलटा होऊन तरंगणं, स्पर्शाला प्रतिसाद न देणं. लाल चट्टे एरोमोनास या जिवाणूच्या संसर्गात येतात आणि तो रक्तात पसरतो.

नेताना थर्माकोल बॉक्स, आत झाकणाचा डबा, डब्यात अर्धं पाणी आणि अर्धी हवा. सोबत टाकीतलं पाणी एका बाटलीत वेगळं आणि तुमचे टेस्टचे आकडे लिहून. मला असे आकडे लिहून आणणारे पालक भेटले की निम्मं निदान तिथेच होतं.

ओंजळ

डॉक्टर मिळाले! कुत्र्यांच्या डॉक्टरांनीच दुपारी परत फोन करून त्यांच्या ओळखीतल्या एका डॉक्टरबाईंचा नंबर दिला. त्यांनी अगदी रानजाईंनी लिहिलं तसंच केलं. चिमट्याने पुंजक्याचा अंश, स्लाइड, आणि लेकीलाही मायक्रोस्कोपमधून दाखवलं. जाड फांद्यांचे धागे. जिवाणूंचे ढीग दिसले नाहीत. मिथिलीन ब्लूचे बाथ दिलेत, प्रमाण आणि वेळ लिहून, वेगळ्या भांड्यात. अँटिबायोटिक सध्या नाही. वजन रोज त्याच वेळी करायला सांगितलंय, पाण्याच्या डब्यासकट, मग डब्याचं वजा.

टब १७ अंशांवर स्थिर. शेपटीचं टोक सरळ झालंय.

पाणवठा

शेपटी सरळ झाली ही माझ्या दृष्टीने आजची सगळ्यात मोठी बातमी. पुंजका जायला वेळ लागेल, पण ताण उतरतोय.

मिथिलीन ब्लू टाकीत पडू देऊ नका. स्पंजमधले उरलेसुरले जिवाणूही त्याने जातील. टाकी तशीच चालू ठेवा. अर्धं पाणी बदललं की अमोनिया ०.५ चा ०.२५ होतो, नायट्रेट ४० चं वीस. पण जिवाणू परत वाढेपर्यंत अमोनिया पुन्हा वर येणार. रिकाम्या टाकीत त्यांना खाद्य मिळत राहावं म्हणून चिमूटभर पेलेट टाका, एक दिवसाआड मोजा. स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. कुणा ओळखीच्या माणसाच्या निरोगी, जुन्या टाकीतला स्पंज मिळाला तर हे काम फार लवकर होतं. नाहीतर शून्यातून टाकी सायकल व्हायला, म्हणजे हे जिवाणू पुरेसे जमायला, चार ते आठ आठवडे.

मुलुंडचा_माळी

स्पंज मी पाठवला असता, पण माझ्याकडे मासे आहेत, त्यांचे रोग सोबत यायचे. फक्त अ‍ॅक्सोलॉटल असलेल्या कुणाकडे बघा.

वेताळटेकडी

धागा पहिल्यापासून वाचतोय. मी पुण्यातच आहे, माझ्याकडे दोन अ‍ॅक्सोलॉटल आहेत, दीड वर्षं कुठलाही आजार नाही. दोन स्पंज फिल्टर चालू असतात, एक देतो. व्यक्तिगत निरोप पाठवतो.

ओंजळ

वेताळटेकडी, मिळाला. ओला राहावा म्हणून टाकीच्या पाण्याच्या पिशवीत घालून तुम्ही स्वतः आणून दिलात, हे मी विसरणार नाही.

शिवारफेरी

या निमित्ताने विचारतो, हा प्राणी मूळचा कुठला? आपल्याकडे नसतो ना?

पाणवठा

मेक्सिको शहराच्या दक्षिणेला शोचिमिल्को म्हणून कालव्यांचा भाग आहे, जुन्या सरोवराचा उरलेला अंश. चाल्को हे दुसरं सरोवर आटवलं गेलं. समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरहून उंच, म्हणून पाणी थंड. सगळा १६-१८ अंशांचा हट्ट तिथून येतो. १९९८ च्या पाहणीत तिथे चौरस किलोमीटरला सहा हजारांच्या आसपास होते, २०१४ मध्ये छत्तीस. सांडपाणी, आणि खाण्यासाठी म्हणून सोडलेले कार्प आणि तिलापिया. ते अंडी-पिल्लं फस्त करतात. जगभरच्या टाक्यांत आणि प्रयोगशाळांत मात्र लाखो आहेत. १८६४ मध्ये चौतीस अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला नेले होते, त्यांच्यातल्या काहींपासून ही बंदिवासातली वंशावळ वाढली. पाय तुटला तर पाय, कल्ला गेला तर कल्ला पुन्हा उगवतो म्हणून शास्त्रज्ञांना तो इतका प्रिय. मला मात्र तिथला एकही मोकळा प्राणी बघता आला नाही याचं वाईट वाटतं. टाकीतले लाखो त्या कालव्यांतल्या मोजक्यांची जागा भरून काढत नाहीत.

रानजाई

याला जोडून कायद्याचं एक. अ‍ॅक्सोलॉटल साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि अशा परदेशी प्रजातींची नोंद बंधनकारक झाली. २०२४ च्या नियमांनुसार ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करायची असते. खरेदीची पावती आणि कागद जपून ठेवा. आणि नको झाला म्हणून कुणीही, कधीही, तळ्यात किंवा नदीत सोडू नका.

ओंजळ

आमची नोंद झालेली आहे, कागद फाइलमध्ये आहेत.

आज मोगऱ्याने खाल्लं! अर्धं गांडूळ, पण स्वतः झेप घेऊन. पुंजका गळून पडलाय. डाव्या बाजूचे तुरे बोडके दिसतात, नुसते देठ. डॉक्टरबाई म्हणतात केसांसारखे धागे परत येतील, काही आठवडे ते महिने लागतील. वजन घसरायचं थांबलंय.

एक शंका. सोसायटीतल्या गांडूळखताच्या खड्ड्यातली लाल, पट्ट्यांची गांडुळं दिली की थुंकून टाकतो. आधी विकतची जाड गांडुळं आवडीने खायचा. आजारामुळे चव गेली असेल का?

वेताळटेकडी

नाही, चव शाबूत आहे! ती आयसेनिया फेटिडा. डिवचली की कडवट, पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतात. माझे दोघेही थुंकतात. गांडूळखतवाल्यांकडे 'आफ्रिकन' म्हणून जाड, जांभळट गांडूळ मिळतं, युड्रिलस. ते द्या. कीटकनाशक न मारलेल्या जागेचंच हवं. आणून एक-दोन दिवस ओल्या पुठ्ठ्यात ठेवलं की पोटातली माती निघून जाते. बारीक तुकडे करून द्या सध्या. उरलेला तुकडा अर्ध्या तासात सिरिंजने उचला, नाहीतर परत अमोनिया.

पाणवठा

आणि छोटे मासे जिवंत टाकण्याच्या मोहात पडू नका. रोग येतात, शिवाय गोल्डफिशमध्ये ब-१ जीवनसत्त्व मोडणारं विकर (एन्झाइम) असतं.

टाकीत परत कधी न्यायचं: अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट वीसच्या आत, सलग आठवडाभर. आणि चिलर दुरुस्त होऊन पाणी १८ च्या खाली टिकल्यावरच. एक जरी आकडा हलला तरी टबच बरा. टबमध्ये कंटाळतोय असं वाटेल, पण पाणी रोज नवं मिळतंय तोवर त्याचं काही अडत नाही.

कऱ्हाकाठ

मी नवीन आहे, अजून प्राणी घेतलेला नाही, आधी वाचतोय. आमच्याकडे सासवडला पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते. चिलर इन्व्हर्टरवर चालेल का? काय काय तयारी लागेल?

मुलुंडचा_माळी

चिलरमध्ये कॉम्प्रेसर असतो. घरचा साधा इन्व्हर्टर तो फार वेळ ओढणार नाही, बॅटरी लगेच बसते. पावसाळ्यात तुमच्याकडे हवा थंड असते, तेव्हा पाणी तसं लगेच तापणार नाही. धोका फिल्टर थांबण्याचा आहे.

पाणवठा

हेच सांगणार होतो. स्पंज फिल्टर एअर पंपावर चालतो आणि एअर पंप जेमतेम तीन-चार वॅट खातो. इन्व्हर्टरच्या लाइनवर आधी तो घ्या. सोबत बॅटरीवर चालणारा एक पंप, मासेविक्रेते वाहतुकीला वापरतात तसला. फ्रीझरमध्ये कायम चार बाटल्या गोठवलेल्या. पावसाळ्यात नळाच्या पाण्यात क्लोरीन वाढवतात, तेव्हा अँटीक्लोरीनचं प्रमाण बाटलीवर लिहिलंय त्याप्रमाणे तपासून घ्या. आणि टाकी सायकल होऊन, प्राणी न घालता, एक अख्खा उन्हाळा तिचं तापमान रोज लिहून ठेवा. मे महिन्यात १८ टिकलं तर प्राणी आणा.

कऱ्हाकाठ

ठीक. टाकी या महिन्यात लावतो, थर्मामीटर आजच आणतो. अ‍ॅक्सोलॉटल पुढच्या जूनमध्ये.